अनुकूल बाजू

चिठ्ठी मी उचलली, पण उघडली हर्षदनं.

केंद्रशाळेच्या व्हरांड्यात आसपासच्या शाळांची मुलं दाटीनं उभी होती. केंद्रप्रमुख सरांनी पेढ्यांचा रिकामा खोका पुढं धरला होता. ज्या शाळेचं नाव पुकारलं जाई तिथल्या मुलानं खोक्यात हात घालून चिठ्ठी काढायची. मी काढली आणि उघडणार एवढ्यात हर्षदनं ती माझ्या हातातून ओढून घेतली. तो सहावीत होता, माझ्यापेक्षा एका वर्गानं लहान, आणि त्याला कशाचाच धीर निघत नसे.

"अनुकूल," त्यानं वाचलं. मग हळूच मला विचारलं, "म्हंजे कंचं?"

मागच्या फळ्यावर तालुक्याच्या वादविवाद स्पर्धेचा विषय ठळक अक्षरांत लिहिलेला होता : 'कमी पटाच्या शाळा बंद करून तिथल्या मुलांना जवळच्या मोठ्या शाळेत पाठवावे.' मी तो पुन्हा एकदा वाचला.

"शाळा बंद करा म्हणायचं," मी म्हटलं.

"कुणाची?"

"आपली."

हर्षदनं चिठ्ठीची होती तशी घडी घातली. "परत टाकूया का खोक्यात?"

तेवढ्यात आमच्या शिक्षिका मुल्लाबाई आल्या. त्यांनी चिठ्ठी घेतली, वाचली, पर्समध्ये ठेवली आणि वडापची जीप भरायच्या आत निघायला हवं एवढंच म्हणाल्या. वडापच्या जीपमध्ये मागच्या बाकावर आम्ही तिघं दाटीवाटीनं बसलो होतो.

आमची भोकरमाळ ही डोंगरावरची वाडी. गाडीरस्ता पायथ्याच्या आंबवड्यापर्यंत, तिथून पुढं ओढा ओलांडून चढण. शाळा पहिली ते सातवी, खोल्या दोन आणि मुलं अकरा. आठवीपासूनचं हायस्कूल आंबवड्यात. पट दर वर्षी कमी होत होता आणि दर वर्षी उन्हाळ्यात कुणीतरी बातमी आणायचं की यंदा शाळा बंद होणार.

शाळेच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष माझे वडील, यशवंत शेलार. वाडी त्यांना अण्णा म्हणायची आणि आम्हीही अण्णाच म्हणायचो. ते शाळेत होते तेव्हा वर्ग चौथीपर्यंतच होते. चौथी झाली आणि अण्णांची शाळा संपली. मोठे झाल्यावर पाचवी ते सातवीचे वर्ग मिळावेत म्हणून ते कितीतरी वर्षं तालुक्याला आणि जिल्ह्याला खेटे घालत राहिले. वर्ग मंजूर झाले, पण खोली नव्हती. मग वाडीनं ओढ्यातून दगड आणि वाळू डोक्यावर वाहून दुसरी खोली उभी केली. तिच्या भिंतीतला कुठला दगड कुणी आणला, हे अण्णा अजून सांगतात. शाळा त्यांच्यासाठी काय होती, हे मी वेगळं सांगायला नको.

मुल्लाबाई कराडकडच्या. आंबवड्यात खोली घेऊन राहायच्या आणि रोज डोंगर चढून यायच्या. त्यांनी आम्हाला वादविवाद शिकवायला घेतला तो वैतागून. आम्हा मुलांना एक खोड होती. बाई काहीही बोलल्या की आम्ही सगळे सुरात "होऽऽ" म्हणायचो. एके दिवशी बाईंनी विचारलं, "सूर्य पश्चिमेला उगवतो, हो ना?" आम्ही "होऽऽ" म्हटलं. बाईंनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, "तुम्हाला माहीत नाही म्हणून हो म्हणालात, की मी म्हटलं म्हणून?" आम्ही त्यालाही "होऽऽ" म्हटलं.

त्या शनिवारी त्यांनी वर्गाच्या मधोमध खडूनं एक रेघ ओढली. इकडे गाय, तिकडे म्हैस. इकडच्यांनी गाय का चांगली ते सांगायचं, तिकडच्यांनी म्हैस. आधी कुणी तोंडच उघडेना. समोरच्याला 'तुझं चूक आहे' असं उभं राहून सांगायचं, हे आमच्याकडं भांडणातच होई. मग हर्षद उठला. त्यांच्या घरी म्हैस होती. दूध, साय, तूप, शेण असं त्यानं घडाघडा सांगितलं आणि गाईवाले गप्प झाले. बाईंनी टाळी वाजवली आणि म्हणाल्या, "आता बाजू बदला."

हर्षद रेघेपलीकडं जायला तयार होईना. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हशीच्या विरुद्ध आपण कसं बोलणार, असं त्याचं म्हणणं. बाईंनी त्याला हाताला धरून पलीकडं नेलं. थोडा वेळ तो खाली मान घालून उभा राहिला. मग म्हणाला, म्हैस एकदा पाण्यात बसली की उठत नाही. काल तिनं आपल्याला अंधार पडेपर्यंत ओढ्यावर उभं केलं. रस्त्यात गाडी आली तरी बाजूला होत नाही. दगड मारला तरी ढिम्म. तो बोलतच राहिला आणि आम्ही पोट धरून हसत राहिलो.

बाई त्याला म्हणाल्या, "बघ, हे सगळं तुला माहीत होतं. तिकडं उभा होतास तोवर आठवलं नाही, एवढंच."

मग दर शनिवारी असं चालू झालं. मी सुरुवातीला पाठ करून बोलायची. बाईंना ते खपत नसे. मधेच थांबवून वेगळंच काहीतरी विचारायच्या आणि मी अडखळायची. पण हळूहळू येत गेलं. आणि मग तालुक्याची स्पर्धा आली. दोघांचा संघ, पहिला वक्ता हर्षद आणि दुसरी मी.

घरी गेल्यावर मी अण्णांना विषय सांगितला आणि आपली बाजूही सांगितली. ते ओट्यावर बसून दोर वळत होते. हात थांबला.

"दुसरी चिठ्ठी मिळत न्हाई का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. ते पुन्हा दोर वळायला लागले.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले. बाई आणि ते व्हरांड्यात बोलत होते आणि आम्ही आत पाटीवर माना घालून सगळं ऐकत होतो. बाईंनी त्यांना समजावलं की बाजू म्हणजे बोलणाऱ्याचं मत नसतं, ती चिठ्ठीनं ठरते, परीक्षकांना ते ठाऊक असतं. अण्णा म्हणाले, परीक्षकांना असेल ठाऊक, वाडीला कोण सांगणार? आणि परीक्षकांत शिक्षण खात्याचे साहेब असणार. खुद्द अध्यक्षाची पोरगी उभी राहून शाळा बंद करा म्हणाली, तर साहेबांना आणखी काय पाहिजे?

बाई म्हणाल्या की ही भीती त्यांनाही वाटली होती. अण्णांनी सांगितलं तर त्या आजच नाव मागं घेतील.

अण्णांनी खोलीच्या दगडी भिंतीकडं पाहिलं. मग म्हणाले, "नाव मागं घ्यायचं न्हाई. वाडीची पोरं भ्याली, असं व्हईल."

संध्याकाळी मी गोठ्यात होते. ते तिथं आले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "बोल तू. पन लई चांगलं बोलू नगंस."

मी हो म्हटलं.

शाळा सुटल्यावर बाई आम्हाला थांबवून घ्यायच्या आणि मुद्दे काढायला लावायच्या. हर्षद जुन्या वर्तमानपत्रातून मुद्दे आणायचा. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा असते, मैदान असतं, प्रत्येक विषयाला वेगळा शिक्षक असतो. ते सगळं बरोबर होतं. मला मात्र काही वाचावं लागत नव्हतं. एक मुद्दा सांगितला की त्याच्यामागून दुसरा यायचा. कबड्डीला एका बाजूला सात लागतात, आम्ही कधी पुरे पडलो नाही. आमच्या वर्गात नाटक बसत नाही. आमच्यात कुणाशी भांडण झालं तर दुसरी मैत्रीण करता येत नाही, कारण दुसरी नाहीच.

बाई फळ्यावर लिहीत होत्या. त्या थांबल्या. "हे कुठं वाचलंस, वनिता?"

"कुठं नाही."

त्यांनी पुढं काही विचारलं नाही. हर्षद दप्तर घेऊन गेल्यावर म्हणाल्या, "हे तू तिथं बोलशील?"

मी त्यांना अण्णांचं बोलणं सांगितलं. बाईंनी फळा पुसला, हात झटकले. म्हणाल्या, "अण्णांचं ऐकू नकोस, असं मी तुला सांगणार नाही. ऐक, असंही सांगणार नाही. तिथं उभी राहिलीस की तुझं तूच बघ."

मी मनाशी ठरवून टाकलं. हर्षदच्याच मुद्द्यांतले तीन घ्यायचे, हळू आवाजात सांगायचे आणि खाली बसायचं.

स्पर्धा तालुक्याच्या हायस्कूलच्या सभागृहात होती. छताला पंखे, समोर व्यासपीठ, त्यावर माईक. अण्णा आमच्याबरोबर आले होते. त्यांनी लग्नाकार्याचा सदरा घातला होता. ते दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसले आणि दिवसभर तिथून हलले नाहीत. परीक्षक तिघं होते आणि मधल्या खुर्चीवर खात्याचे साहेब होते. त्यांच्यापुढं कागद होता, हातात पेन होतं. मला त्या पेनाचीच धास्ती वाटत होती.

आमच्या समोर तालुक्यातल्याच एका मोठ्या शाळेचा संघ होता, एक मुलगा आणि सई नावाची एक मुलगी. त्यांच्या गणवेशांना कडक इस्त्री होती. गंमत अशी की आमच्यासारखी शाळा त्यांनी कधी पाहिलीही नसेल, आणि ती वाचवायची बाजू त्यांच्याकडं आली होती.

हर्षद आधी गेला. माईक त्याच्या कपाळाच्या वर होता, तो कुणीतरी येऊन खाली केला. त्याचा दुसरा मुद्दा राहून गेला, तो त्यानं तिसऱ्यानंतर घेतला. पण बोलला धीटपणे. प्रयोगशाळेवर आला तेव्हा म्हणाला, "तुम्ही प्रयोग करता. आम्ही प्रयोग वाचतो." सभागृह हसलं. हसू का आलं ते त्याला कळलं नाही, पण त्याचा आवाज वाढला.

मग तो मुलगा बोलला आणि त्याच्यानंतर सई. सई फार छान बोलली. छोट्या शाळेत शिक्षकाला प्रत्येक मूल नावानं ठाऊक असतं, म्हणाली. शाळा दारात असते म्हणूनच डोंगरावरच्या मुली शिकतात, लांब गेली तर आधी मुलींचीच शाळा सुटेल, म्हणाली. गावकऱ्यांनी अंगमेहनतीनं बांधलेली शाळा बंद करणं म्हणजे त्यांच्या कष्टांवर पाणी फिरवणं, असंही म्हणाली. अण्णांना बोलता आलं असतं तर ते हेच बोलले असते. मी मागं वळून पाहिलं. अण्णा मान डोलवत होते.

शेवटी तिनं विचारलं, "हे सगळे निर्णय मोठी माणसं घेतात. त्या शाळेतल्या मुलांना कधी कुणी विचारलं आहे का?"

टाळ्या वाजल्या. त्या थांबायच्या आत माझं नाव पुकारलं.

मी ठरवल्याप्रमाणं सुरुवात केली. मोठ्या शाळेत मैदान असतं. प्रत्येक विषयाला वेगळा शिक्षक असतो. साहेब म्हणाले, जरा मोठ्यानं बोल बाळ. मी मान वर केली तर समोर सई बसलेली. तिनं पेन कागदावर टेकवलं होतं आणि ती माझ्या तोंडाकडं बघत होती. तिचं बोलणं झालेलं होतं, तरी मी आता काय बोलणार याची ती खरोखरच वाट बघत होती. अशी वाट आजवर कुणी बघितली नव्हती.

"मला विचारा," मी म्हटलं.

माईकमधून तो आवाज मलाच मोठा वाटला.

"मी तसल्याच शाळेतली आहे. भोकरमाळची. आमचा पट अकरा आहे. सातवीत मी एकटी आहे. दर वर्षी माझा पहिला नंबर येतो, कारण दुसरा यायला कुणी नाही. मला खरंच किती येतं, ते मला अजून माहीत नाही."

कुणीतरी हसलं आणि गप्प झालं.

"बाई दुसरीला शिकवतात तेव्हा मीही दुसरीचंच ऐकते. बाई काय करतील, त्यांना सगळ्यांना शिकवायचं असतं. समोरची मैत्रीण म्हणाली, शाळा दारात आहे म्हणून मुली शिकतात. ते खरं आहे. मी शिकले. पण ती दारातच संपते. माझ्या पुढच्या तिघीजणी सातवी करून घरी बसल्या. एकीचं लग्न झालं. त्यांना कुणी शाळा सोड म्हटलं नाही. शाळाच संपली."

वेळेची पहिली घंटा झाली. मी मागं बघितलं नाही.

"ती शाळा ज्यांनी बांधली त्यांच्यातल्या एका माणसाला मी ओळखते. त्याची शाळा चौथीत संपली होती, पुढं वर्गच नव्हता. त्यानं दगड वाहिले आणि शाळा सातवीपर्यंत नेली. मला त्याच्यापेक्षा तीन वर्षं जास्त मिळाली ती त्याच्यामुळं. मला त्याच्या शाळेचा राग नाही. पण मला आठवीत जायचंय. मला दहावी करायचीय. मला एकदा तरी भरलेल्या वर्गात बसून बघायचंय."

दुसरी घंटा झाली. काहीतरी समारोप करायचा असतो, ते मला आठवलंच नाही. मी नमस्कार केला आणि खाली उतरले. हर्षद कानात म्हणाला, "हे कवा ठरलं?"

आम्हाला बक्षीस मिळालं नाही. सईच्या संघाचा पहिला नंबर आला आणि तो यायलाच हवा होता. निकाल सांगताना साहेबांनी एकेका संघाबद्दल दोन वाक्यं सांगितली. आमच्याबद्दल म्हणाले, "भोकरमाळची दुसरी वक्ता मनापासून बोलली. पण बाळ, तुझा विषय शाळा बंद करावी असा होता. तू शेवटपर्यंत ते म्हणालीच नाहीस. म्हणून गुण कमी आले."

एवढंच. त्यांनी कागद फाइलीत घातला आणि पुढच्या संघाकडं वळले. ज्याची आम्ही एवढी धास्ती घेतली होती ते काहीच झालं नाही. आमच्या शाळेवर त्या भाषणामुळं कधी कसलं संकट आलं नाही. ती पुढंही कितीतरी वर्षं चालू राहिली.

सगळं आटोपल्यावर बाईंनी आम्हाला स्टँडवर उसाचा रस पाजला. अण्णांनाही दिला. अण्णा पेला हातात धरून उभे होते. बाई मला म्हणाल्या, "हरलो गं आपण," आणि त्यांच्या तोंडावर हसू होतं. अण्णा हसले नाहीत. वडापमध्ये ते पुढं ड्रायव्हरशेजारी बसले. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. लई चांगलं बोलू नगंस, असं सांगितलं होतं त्यांनी, आणि मी हो म्हटलं होतं.

बाई आंबवड्यात उतरून आपल्या खोलीकडं गेल्या. आम्ही तिघं चढणीला लागलो. ऊन कलायला आलं होतं. हर्षद बातमी सांगायला म्हणून पळतच पुढं गेला. मग अण्णा आणि मी, असे दोघंच.

अण्णांनी पुढं होऊन ओढा ओलांडला. पलीकडं गेल्यावर थांबले.

"वने, त्ये चिठ्ठीचं व्हतं, का तुजं?"

चिठ्ठीचं म्हणता आलं असतं. बाजू चिठ्ठीनं ठरते, हे बाईंनी त्यांना सांगितलेलंच होतं. मी एकदा तसं म्हटलं असतं की तिथंच मिटलं असतं, आणि जून आल्यावर मीही त्या तिघींसारखी घरी बसले असते.

"माजं," मी म्हटलं.

"मग घरात कदी बोलली न्हाईस."

"घरात एकच बाजू असती, अण्णा."

ते माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी तोंड फिरवलं आणि चालायला लागले. मी मागून चालू लागले. थोडं वर गेल्यावर ते न थांबता म्हणाले, "हायस्कूल सुटंस्तवर उशीर व्हतो. हिवाळ्यात येताना अंधार पडंल."

मला क्षणभर कळलंच नाही की ते माझ्याशी वाद घालताहेत.

"शेवटचा तास खेळाचा असतो," मी म्हटलं. "सरांना सांगून लवकर निघंन."

"पावसाळ्यात ह्यो ओढा?"

"पावसाळ्यात मावशीकडं ऱ्हाईन. आंबवड्यात." माझी एकुलती एक मावशी तिथंच दिलेली होती.

"तिला इचारलंस?"

"न्हाई. तुमी इचारा."

अण्णा पाचदहा पावलं चालले. "आनि एकटी जानार? वाटंत कोन हाय?"

"बाई रोज एकट्याच येत्यात की. त्या वर येत्यात तवा मी खाली जाईन. मधी गाठ पडंल."

ते वाटेच्या कडेला एका दगडावर टेकले. टोपी काढून तोंड पुसलं आणि टोपी गुडघ्यावर ठेवली. खाली आंबवड्याची कौलं दिसत होती आणि त्यांच्या पलीकडं हायस्कूलचं लांबट पत्र्याचं छप्पर.

"मला चौथीनंतर कुनी इचारलं न्हाई," ते म्हणाले. "म्या बी कुनाला सांगितलं न्हाई. बापाबरुबर गुरं वळायला गेलो." मग जरा वेळानं म्हणाले, "मला वाटलं, शाळा दारात आनली, आता पोरींचं झालं."

मी त्यांच्या शेजारी टेकले.

ते उठले, टोपी घातली. "उद्या तुज्या मावशीकडं जाऊन येतो," म्हणाले आणि चढायला लागले.

दिवसभर कुणीतरी मुठीत आवळून धरलेलं सोडून द्यावं तसं मला झालं. चढण तीच होती, पण मी अण्णांच्या पुढं जात होते आणि पुन्हा थांबून त्यांची वाट बघत होते. मला मोठ्यानं गाणं म्हणावंसं वाटत होतं. नुसतीच चालले.

वर मारुतीच्या देवळापुढच्या कट्ट्यावर माणसं बसलेली होती. हर्षदनं काय सांगितलं होतं कोण जाणे, पण त्याचे चुलते आम्हाला बघताच उठून पुढं आले.

"काय यशवंता," ते म्हणाले, "पोरीनं शाळा बंद केली म्हन की."

सगळे अण्णांकडं बघत होते. आता इथंही मीच बोलायचं की काय, असं मला वाटलं.

"शाळा हाय तिथंच हाय," अण्णा म्हणाले. "पोरगी निघाली."

"कुठं?"

"आठवीला."

एकजण तंबाखू मळत होता, त्याचा हात तेवढा चालू होता. अण्णा तिथं थांबले नाहीत. मी त्यांच्यामागून घरी आले.

आई चुलीपुढं भाकरी थापत होती. स्पर्धेचं काय झालं, हे तिनं विचारलं नाही. हर्षदकडून तिला ते आधीच कळलं होतं. अण्णांनी हातपाय धुतले, खांद्यावर पंचा टाकला आणि चुलीजवळ येऊन बसले. घसा खाकरला. एवढी मोठी गोष्ट तिला कशी सांगावी, याची ते जुळवाजुळव करत होते.

"उद्या आंबवड्याला जाऊन येतो म्हनतो," ते म्हणाले. "तुज्या भनीकडं. पावसाळ्याचं चार म्हैनं पोरगी ठिऊन घेती का, इचारून येतो."

आईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"जायाची गरज न्हाई," ती म्हणाली. "म्या तिला दिवाळीतच सांगून ठेवलंय. निजायला माळा बी मोकळा केलाय तिनं."

अण्णा तिच्याकडं बघत राहिले. मीसुद्धा. मला ह्यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

"दिवाळीत?" अण्णा म्हणाले. "आनि मला न्हाई सांगितलंस ते?"

"तुमी कुटं इचारलंत," आई म्हणाली आणि भाकरी उलटली.

अण्णांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. आणि त्या दिवसात पहिल्यांदा ते हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला. आईनं त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला आणि माझ्या ताटात गरम भाकरी टाकली.